थीम राइड: डिस्ने की युनिव्हर्सल? आणि पडद्याचं काय करायचं?

आडवळण:
फ्लोरिडातल्या ओरलँडोला डिस्ने आणि युनिव्हर्सल दोघांचीही थीम पार्कं आहेत. तिथे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, राइड डिस्नेच्या भारी की युनिव्हर्सलच्या. जिथे रांग कमी लागली तिथल्या भारी, असंच उत्तर बहुतेक वेळा मिळतं! ते बाजूला ठेवू. रोलर कोस्टरचा वेगही सोडून देऊ, नाहीतर चर्चा लगेच युनिव्हर्सलच्या वेलोसीकोस्टरवर जाऊन थांबेल. गोष्ट सांगणारी राइड कोण चांगली बनवतं, एवढंच बोलू.

माझं मत डिस्नेला. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमधली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ 1967 सालची. होडीत बसायचं, अंधारात दोनदा खाली घसरायचं आणि मग पाऊण-एक तास वाटावा असा पाव तास चाच्यांच्या गावातून वाहत राहायचं. पुतळे, पाणी, दिवे, आवाज. ‘हाँटेड मॅन्शन’ 1969 ची. तिथली नाचणारी भुतं म्हणजे भल्यामोठ्या काचेत पडलेलं प्रतिबिंब, रंगभूमीवरची एकोणिसाव्या शतकातली युक्ती. अजून काम करते.

उलट युनिव्हर्सलला 1999 च्या ‘स्पायडर-मॅन’पासून एक साचाच सापडला. गाडी आत जाते, पडद्यासमोर थांबते, गदागदा हलते, वळते, पुढचा पडदा. 2014 चं हॅरी पॉटरचं ‘ग्रिंगॉट्स’ बरंचसं तेच, 2016 चा किंग काँग तेच, आणि 2018 ची ‘फास्ट अँड फ्युरियस’ तर विचारूच नका. तिकीट राइडचं आणि बघायचा सिनेमा.

पाळणावाला:
असहमत, आणि जोरात असहमत.

डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये 2017 पासून सगळ्यात लांब रांग कशाला असते? ‘अवतार’ सिनेमावरच्या ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ला. ते काय आहे? चष्मा लावून एका अवाढव्य पडद्यासमोर बसणं. डिस्नेचीच ‘स्टार टूर्स’ 1987 ची, म्हणजे युनिव्हर्सलचं फ्लोरिडातलं पार्क उघडायच्या तीन वर्षं आधीची, आणि तीही पडदाच. डिस्नेनं पडदा लावला की तो ‘अनुभव’, युनिव्हर्सलनं लावला की ‘आळस’, हा कुठला न्याय?

आता पुतळ्यांचं बोलू. त्याच ॲनिमल किंगडममध्ये ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ आहे, डोंगरातून धावणारी रोलर कोस्टर, 2006 ची. शेवटी पंचवीस फुटी यती अंगावर झेपावायचा. झेपावला तो सुरुवातीचे काही महिने. त्यानंतर वर्षानुवर्षं तो एका जागी उभा आणि त्याच्यावर लुकलुकते दिवे, म्हणजे तो हलतोय असं आपण समजून घ्यायचं. चाहत्यांनी त्याचं बारसं ‘डिस्को यती’ असं केलंय. पडदा निदान चालतो तरी!

आणि युनिव्हर्सलची 2019 ची, हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडची मोटरसायकल? चष्मा नाही. सात वेळा गाडीला पुढे रेटा मिळतो, मध्येच ती उलटी धावते, आणि एका ठिकाणी रूळच खाली पडतो. आत चालते-बोलते पुतळे. ही गोष्ट सांगणारी राइड नाही का?

सावकाश_चला:
तुम्ही दोघं भांडा, मी उंची मोजते. हॅग्रिडला 48 इंच लागतात, हॅरी पॉटरच्याच ‘फॉरबिडन जर्नी’लाही 48. म्हणजे सहा वर्षांची बरीचशी पोरं-टोरं बाहेर. डिस्नेच्या ‘स्टार वॉर्स’वरच्या ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ला 40 पुरतात. ‘पायरेट्स’ आणि ‘हाँटेड मॅन्शन’ला उंचीची अटच नाही. आजी, नातू आणि मधली पिढी एका गाडीत बसून एकच गोष्ट बघतात, हे राइड बनवणाऱ्याचं कौशल्य नाही का? दर राइडपाशी एक मोठं माणूस छोट्याला धरून बाहेर उभं असेल तर गोष्ट कितीही चांगली असो, ती अर्ध्या घरालाच कळते.

शिवाय ‘फॉरबिडन जर्नी’नंतर माझा पुढचा तासभर बाकावर जातो. लिंबू-सरबतही आत ठरत नाही.

तंत्रवेडी:
पडदा विरुद्ध पुतळा हा वादच मला अपुरा वाटतो. ‘स्पायडर-मॅन’ला एवढ्या सहज निकालात काढू नका. 1995 मध्ये डिस्नेलँडच्या ‘इंडियाना जोन्स’नं अशी गाडी आणली की चाकं साध्या वेगानं पुढे जातात, पण वरचं खोकं हायड्रॉलिकवर असं डोलतं की खड्ड्यातून घसरतोय असं वाटावं. चार वर्षांनी युनिव्हर्सलनं तसल्याच चालत्या-डोलत्या गाडीला त्रिमिती पडदे जोडले. अडचण अशी की गाडी सरकतेय, म्हणजे बघणाऱ्याची जागा क्षणाक्षणाला बदलतेय. साधा सिनेमा लावला तर चित्र वाकडं दिसणार. म्हणून गाडी जशी सरकते त्या हिशेबानं प्रत्येक चौकट मुद्दाम वाकवून बनवली. त्यामुळे खरी भिंत कुठे संपते आणि पडदा कुठे सुरू होतो ते कळत नाही.

‘फॉरबिडन जर्नी’ (2010) त्याही पुढची. कारखान्यात वापरतात तसल्या रोबोटच्या हातावर चार जणांचा बाक, आणि असे हात ओळीनं पुढे सरकत असतात. पडद्याच्या प्रसंगात वाटीसारखा गोल पडदा तुमच्याबरोबरच फिरतो. नुसता ‘पडदा’ म्हणून हे मोडीत काढणं अन्याय आहे.

सावकाशताई, मळमळ होते ती डोळ्यांना दिसणारी हालचाल आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला जाणवणारी हालचाल जुळत नाही म्हणून. डोळे क्षणभर मिटले की बरं वाटतं. अर्थात मग राइड कशाला घ्यायची, हेही खरंच.

आडवळण:
यतीची वकिली मी करणार नाही, इतकी वर्षं तो तसा ठेवणं लाजिरवाणं आहे. पण बघा, यती ठप्प आहे तरी डोंगर चालतोच ना? पुढचा रूळ उखडलेला दिसतो, गाडी थांबते आणि अंधारात मागे जाते, तिथे पोटात गोळा येतोच. प्रोजेक्टर बंद पडलेल्या पडद्याच्या राइडमध्ये काय उरतं?

‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ला एकच पडदा आणि एकच सलग उड्डाण आहे, ज्या उडत्या प्राण्यावर आपण बसलोय त्याचा श्वास मांड्यांखाली जाणवतो. थांब, हल, वळ हा प्रकार नाही. आणि ‘राइज’बद्दल कुणीच का बोलत नाही? आधी यानात चढता, पकडले जाता, दार उघडतं तर समोर 50 स्टॉर्मट्रूपर, म्हणजे शत्रूचे शिपाई, उभे. अजून मुख्य गाडीत बसलेलोही नसतो! मग रुळाशिवाय फिरणाऱ्या गाड्या, डोक्यावर पूर्ण उंचीचे चालते रणगाडे, शेवटी खाली कोसळणं. असलं काही युनिव्हर्सलनं दाखवावं.

जुना_मासा:
माझं दुखणं वेगळं. युनिव्हर्सल फ्लोरिडा 7 जून 1990 ला उघडलं तेव्हा शार्कच्या सिनेमावरची ‘जॉज’ राइड म्हणजे पडदा नव्हता. खरं तळं, खरी बोट, खरा यांत्रिक शार्क. इतका खरा की धड चालेचना, पुन्हा बांधून 1993 मध्ये सुरू करावा लागला. 2 जानेवारी 2012 ला कायमचा बंद केला आणि तिथे हॅरी पॉटरची डायगन ॲली उभी राहिली. किंग काँगची जुनी राइड 2002 मध्येच गेली होती. उद्घाटनाच्या दिवशीच्या राइडपैकी आज ई.टी.ची सायकल तेवढी आहे, आणि ती का टिकली? पुतळे आणि देखावे. आडवळणांच्या बाजूला माझं मत, पण रागानं.

पाळणावाला:
मासेराव, तोडफोड डिस्नेही करतं. त्यांच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कातली ‘ग्रेट मूव्ही राइड’ म्हणजे खच्चून पुतळे. 2017 मध्ये बंद. 2020 मध्ये त्याच इमारतीत मिकी-मिनीची आगगाडी आली, तिच्यात भिंतीभर प्रोजेक्शन. मग?

2010 मध्ये युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरचं गाव उघडलं आणि रांगा दारापर्यंत गेल्या. डिस्नेनं ‘अवतार’वरच्या नव्या भागाची घोषणा केली सप्टेंबर 2011 मध्ये. मला तरी हा योगायोग वाटत नाही. आडवळण ज्या ‘राइज’चं कौतुक करतायत तिच्यामागे युनिव्हर्सलनं लावलेली आग आहे. आणि त्या ‘राइज’मध्येही काही यंत्रं बंद ठेवून राइड चालवतात, तेव्हा समोरच्या तोफा जागच्या हलत नाहीत. चाहते त्याला ‘बी मोड’ म्हणतात.

सावकाश_चला:
एक राहिलं. युनिव्हर्सलची हॉगवर्ट्स आगगाडी दोन पार्कांना जोडते, म्हणून तिच्यात बसायला दोन्ही पार्कांचं तिकीट लागतं. गोष्ट सांगता सांगता खिशात हात घालण्याची ही कला मात्र दोघांकडे सारखी आहे.

तंत्रवेडी:
मे 2025 मध्ये उघडलेल्या युनिव्हर्सलच्या एपिक युनिव्हर्स पार्कातली फ्रँकेनस्टाइनची राइड बघा. तोच रोबोटचा हात, पण भोवती मोठमोठे चालते राक्षस. म्हणजे तक्रार युनिव्हर्सलपर्यंत पोचलीय.

आडवळण:
राक्षस छान आहेत, मान्य. पण पाळणावाल्यांच्या हिशेबानं त्यांचाही यती व्हायला किती वर्षं द्यायची?

पाळणावाला:
झालाच, तर त्याच्या मागे पडदा लावतील. आणि तुम्ही पुन्हा रांगेत असाल.