बी विंगच्या माळ्यावरचे तीन डबे

शुभाताई (बी-४०३): गच्चीच्या दारालगतच्या माळ्यावरून परवापासून उग्र वास येतोय. आज तर दार उघडलं की नाकात झोंबतं. रंगाऱ्याच्या माणसाने शिडी लावताना गोणपाट सरकवलं, त्याखाली तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या अप्पांचे ते तीन गोल पत्र्याचे डबे आहेत. आमच्या बेडरूमची भिंत माळ्याला लागून आहे. कोणी लक्ष घालणार का, की यंदाही दिवाळीनंतर बघू?

सेक्रेटरी (ए-१०१): ताई, लक्ष आहेच. गुरुवारपासून रंगकाम आहे. बुधवारी भंगारवाल्याला बोलावतो, माळा एकदाच रिकामा करू.

समीर (बी-१०२): सिनेमाची रिळं असतील तर भाव बरा येईल. त्यात चांदी असते म्हणे.

ए-३०२: वार्षिक सभेत ठराव झाला आहे. जिना, पॅसेज, माळा इथे कोणाचंही खासगी सामान नको.

नाना (बी-२०३): सेक्रेटरी, भंगारवाला कृपया नको. समीर, चांदी असते हे खरं. काळ्यापांढऱ्या फिल्मवरचं चित्रच मुळी चांदीच्या कणांचं असतं. ती काढायला फिल्म धुतात नाहीतर जाळतात, आणि त्यापायी आपल्याकडची कितीतरी जुनी रिळं गेली. 'आलम आरा' (१९३१), आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज कुठे नाही. अप्पांच्या डब्यांत काय आहे ते बघितल्याशिवाय एकही डबा बाहेर जायला नको. आणि तोवर कोणी हात लावू नका, झाकण उचकटू नका. का ते सविस्तर लिहितो.

बी-१०४: नाना, अप्पांचं सामान म्हणून इतकी वर्षं सगळ्यांनी सांभाळलं. आमची कुंडी मात्र दोन दिवसांत हलवायला लावली होती. मी कोणाचं नाव घेत नाही.

ए-३०२: ठराव सगळ्यांना सारखा. जिना, पॅसेज, माळा इथे कोणाचंही खासगी सामान नको.

नाना (बी-२०३): आधी फिल्मची रुंदी बघायची. १६ किंवा ८ मिलिमीटर असेल तर ती अ‍ॅसिटेटची, म्हणजे सेफ्टी फिल्म. आगीच्या दृष्टीने तिची फारशी धास्ती नाही. ३५ मिलिमीटर असेल आणि १९५१-५२ च्या आधीची असेल तर ती नायट्रेटची असू शकते. सेल्युलोज नायट्रेट म्हणजे गनकॉटनच्या (स्फोटक कापसाच्या) घराण्यातलं रसायन. पेटलं की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, पाण्याखालीसुद्धा जळत राहतं.
वासावरूनही अंदाज येतो. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर अ‍ॅसिटेट कुजतंय. घामट, तिखट, घशाशी येणारा असेल तर नायट्रेट. शुभाताई, तुम्हाला यातला कुठला वाटतो?

शुभाताई (बी-४०३): दोन्ही. शिडीपाशी आंबट येतो, पण माळ्याच्या तोंडाशी उभं राहिलं की ठसका लागतो.

समीर (बी-१०२): मग शनिवारी गच्चीवर पडदा लावू की! प्रोजेक्टर आमच्या ऑफिसात पडून आहे, चहा माझ्याकडून.

मंगलकाकू (ए-२०१): चहाबरोबर भजी माझी. अप्पांच्या तंबूतल्या सिनेमाला दोन आण्यांचं तिकीट असायचं.

नाना (बी-२०३): समीर, प्रोजेक्टरचं नावही काढू नकोस. तुमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरचा, त्यात रीळ बसतच नाही. आणि खराखुरा मिळाला तरी जुनी फिल्म आकसलेली असते. नवीन ३५ मिलिमीटर प्रिंटमध्ये कडेच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत ४.७५ मिलिमीटर अंतर असतं. शंभर भोकांचं अंतर मोजलं तर ४७५ भरायला हवं. ४७० भरलं तर एक टक्का आकसली. तेवढ्यानेही दातेचाक भोकात नीट बसत नाही, कड फाटते, फिल्म प्रोजेक्टरच्या दारात (दिव्यासमोरच्या खाचेत) अडकते, आणि दिव्यासमोर थांबलेली नायट्रेट पेटते. पूर्वी थिएटरांच्या प्रोजेक्शन केबिनला लोखंडी झडपा असायच्या त्या याचसाठी.

मंदार (ए-२०४): मी आत्ताच वर जाऊन आलो. डब्यांना हात न लावता माळ्यावर थर्मामीटर ठेवला. दुपारी ३ वाजता ४२ अंश. वर स्लॅब, शेजारी टाकीची पत्र्याची शेड. नाना म्हणतात ती कुजलेली नायट्रेट असेल तर चाळिशीचं तापमान बरेच दिवस राहिलं तरी बंद डब्यात आपोआप पेट घेऊ शकते. आज एप्रिलची १८ तारीख आहे, मे अजून यायचाय.

सेक्रेटरी (ए-१०१): मंदार, जिन्यात अग्निशमन सिलिंडर आहेत. मागच्याच महिन्यात भरून घेतलेत, बिल कमिटीकडे आहे.

मंदार (ए-२०४): बिलाबद्दल प्रश्न नाही. एक कार्बन डायऑक्साइडचा आणि एक पावडरचा. पहिला हवा तोडून आग विझवतो, दुसरा मुख्यतः ज्वाळेतली रासायनिक साखळी तोडून. इथे दोन्हींचा भरवसा नाही. नायट्रेटला हवा लागतच नाही. भरपूर पाण्याने आजूबाजूचं गार ठेवता येतं, बस. धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, पिवळसर-तपकिरी. तो श्वासात गेला तर त्या वेळी फारसं काही वाटत नाही आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरतं. म्हणून तसं काही झालंच तर विझवायला कोणी धावायचं नाही. माणसं खाली, जिन्याचं दार लावून घ्यायचं, १०१.

बी-१०४: हे सगळं वाचून बी विंगमधले ज्येष्ठ घाबरतील. जरा बेताने लिहा.

शुभाताई (बी-४०३): घाबरायची वेळ आमच्यावर आली आहे, तुम्ही तळमजल्यावर आहात.

बी-१०४: म्हणजे तळमजल्यावाल्यांना काळजी नसते असं का? आमच्या दारावरच्या शिंगांवरूनही मागे असंच बोलणं झालं होतं.

मंदार (ए-२०४): वहिनी, शिंगांचा विषय निघालाच आहे तर. सांबराची असतील तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मालकीचं प्रमाणपत्र लागतं. असेल तर ठेवा, पण विकता येत नाहीत. नसेल तर वनविभागाकडे विचारा. इथे वाद नको.

(बी-१०४ ने मेसेज डिलीट केला)

ए-३०२: शिंगं पॅसेजमध्ये येतात. वार्षिक सभेत ठराव झाला आहे. जिना, पॅसेज, माळा इथे कोणाचंही खासगी सामान नको.

सेक्रेटरी (ए-१०१): शिंगं नंतर. 🙏 नाना, बघायचं कसं ते सांगा. मला कमिटीला काहीतरी लेखी द्यावं लागेल.

नाना (बी-२०३): उद्या सकाळी सातच्या आत, स्लॅब गार असताना. मंदार आणि मी, दोघंच. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, मास्क. डबे आडवेच उचलायचे, हिसडा नको. मागच्या अंगणात विहिरीच्या उत्तरेला सावली असते, तिथे खाली ठेवायचे. आसपास स्कूटर नको, बिडी-सिगारेट नको, विजेची वायर नको. झाकण गंजून बसलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर मारायचा नाही. ठिणगी नको आणि आत दाबून राहिलेला वायूही एकदम तोंडावर यायला नको. कडेने बोटांनी फिरवत सैल करायचं आणि उघडून पाच-दहा मिनिटं लांब उभं राहायचं.
मग फक्त बाहेरचा फूटभर भाग बघायचा. कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' किंवा 'नायट्रेट' छापलेलं असतं. पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. मूळ फिल्मवरची अक्षरं प्रत काढताना प्रतीवरही उतरतात, म्हणजे सेफ्टीच्या प्रतीवर 'नायट्रेट' आणि उलटही दिसू शकतं. कोडॅकची असेल तर कडेला बारीक गोल, चौकोन, त्रिकोण असतात. त्यांवरून फिल्म कुठल्या साली बनली ते कळतं, मात्र तीच खूण २० वर्षांनी परत येते.
तुकडा कापून पेटवून बघायचा प्रकार कोणी करू नये.

समीर (बी-१०२): नाना, सॉरी. चहा सकाळी साडेसहाला घेऊन येतो.

मंगलकाकू (ए-२०१): सगळं ठीक, पण डबे अप्पांच्या पुतण्याचे ना? त्याला विचारलं का? तो नाशिकला आहे. उद्या म्हणेल माझी इस्टेट काढून टाकली.

सेक्रेटरी (ए-१०१): काकू, त्याला दोन वर्षांत तीन पत्रं गेली आहेत. उत्तर नाही. 

नाना (बी-२०३): काकू म्हणतात ते बरोबर आहे. आज फोन करा आणि मेसेजवर 'हो' घेऊन ठेवा. संग्रहालयात फिल्म ठेवायला दिली म्हणजे हक्क सोडला असं नाही, मालकी राखून ठेवायचा करार करता येतो. आणि उलटही आहे, डबा त्याचा म्हणून सिनेमाचा कॉपीराइट त्याचा होत नाही.

सकाळी ८.१०

मंदार (ए-२०४): फोटो टाकतोय. डबा १ आणि २: १६ मिलिमीटर, प्रत्येकी साधारण ४०० फूट. व्हिनेगरचा वास, फिल्म लाटेसारखी वाकडी, कडेला पांढरी पूड. डबा ३: ३५ मिलिमीटर, दहा इंची डबा, अंदाजे १००० फूट. कडेला 'सेफ्टी' नाही. कागदी लेबल आहे, शाई उडाली आहे.

नाना (बी-२०३): डबा ३ चा रंग बघा. चित्र फिकं पडून तपकिरी झालंय आणि बाहेरचे वेढे एकमेकांना चिकटलेत. नायट्रेट कुजण्याचे पाच टप्पे धरतात. पहिला, चित्र पिवळं-तपकिरी पडतं, वास येऊ लागतो. दुसरा, चिकटपणा. तिसरा, मधासारखे बुडबुडे. चौथा, अख्खं रीळ एकच ढेकूळ. पाचवा, तपकिरी भुकटी, आणि ती सगळ्यात धोकादायक. हे दुसऱ्यात आहे, एका बाजूला तिसऱ्याकडे झुकलंय. आतले वेढे अजून सुटे दिसतात. म्हणजे कॉपी निघू शकते! १००० फूट म्हणजे १६,००० चौकटी, बोलपटाच्या वेगाने ११ मिनिटं. ती ११ मिनिटं कुठल्या सिनेमाची आहेत हे कोणालाच माहीत नाही, आणि कदाचित दुसरीकडे कुठेही नसतील. हे भंगारात गेलं असतं.

सेक्रेटरी (ए-१०१): नाना, भंगारवाल्याला मी कालच नको म्हणून कळवलं आहे. तेवढं ग्रुपवर लिहा.

शुभाताई (बी-४०३): सेक्रेटरींचे आभार. पण आता डबे ठेवायचे कुठे? परत माळ्यावर नको.

समीर (बी-१०२): आमचा जुना फ्रीज रिकामा आहे.

नाना (बी-२०३): घरातला फ्रीज नको. बंद जागा, आत दिव्याची-थर्मोस्टॅटची ठिणगी, आणि बाहेर काढताना फिल्मवर दव धरतं. प्लास्टिकच्या पिशवीतही बांधू नका. कुजताना जो आम्ल वायू सुटतो तोच कोंडला की कुजणं आणखी वेगाने होतं. झाकण सैल, डबा आडवा, हवा खेळती. डबा ३ बाकी दोघांपासून लांब.

मंदार (ए-२०४): इथे पुण्यातच लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. दहा वाजता फोन करतो. नायट्रेट म्हणून आधी स्पष्ट सांगायचं, तसंच दारात नेऊन उभं करायचं नाही. रिक्षा, बस, कुरियर यातलं काही नाही. गाडी उन्हात बंद करून ठेवायची नाही. ते सांगतील तसं, ते सांगतील त्या वेळी.

नाना (बी-२०३): आणि त्यांना धोक्याचं वेगळं सांगावं लागणार नाही. जानेवारी २००३ ची आग तिथलीच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत. नायट्रेटची रिळं होती, प्रभातची मूळ रिळं त्यात गेली. प्रभातचं जे आज बघायला मिळतं ते सेफ्टीवर काढलेल्या प्रतींमुळे.

ए-३०२: माळा रिकामा झाला असेल तर उरलेलं गोणपाट आणि पत्राही काढावा. वार्षिक सभेत ठराव झाला आहे.

बी-१०४: गोणपाट मी काढते. नाना, विहिरीपाशी साडेनऊला ऊन येतं, आमच्या मागच्या खिडकीतून दिसतं. आमच्या गॅलरीखालचा कट्टा दिवसभर सावलीत असतो, तिथे ठेवा. मोटरची वायर दुसऱ्या बाजूने जाते.

नाना (बी-२०३): वहिनी, उत्तम. मंदार, नऊच्या आत हलवू. लेबलाचा फोटो तिरप्या उजेडात अजून एकदा काढ, शाई गेली तरी टाकाने कागदावर उठलेल्या रेघा दिसतात. कापसाने पुसू नकोस.

सेक्रेटरी (ए-१०१): पुतण्याचा मेसेज आला, 'द्या' म्हणतोय. स्क्रीनशॉट कमिटीच्या फाइलला लावतो. रंगारी सोमवारी.