हँगची दोन भूतकाळी रूपं
इंग्रजी क्रियापदांची तिन्ही रूपं तक्त्यावरून पाठ केली की झालं, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. गो-वेन्ट-गॉन घडाघडा म्हणणारी पोरंसुद्धा ‘आय डिडन्ट वेन्ट’ लिहितात. डिड आलं की पुढे पहिलंच रूप, हे तक्त्यात कुठे असतं?

शिवाय ‘हँग’चं काय करणार? आमच्या हर्णैकडे एका होमस्टेवाल्या वहिनींनी पाहुण्यांसाठी पाटी रंगवून घेतली, त्यात दोरीवर सुकत घातलेले बोंबील ‘हँग्ड’! म्हणजे बिचाऱ्यांना फाशीच की. वस्तू टांगली तर हंग, माणसाला फासावर चढवलं तर हँग्ड. जुन्या इंग्रजीत ही वेगवेगळी क्रियापदं होती, पुढे एकमेकांत मिसळली. हँग्ड मात्र कोर्टकचेरीच्या भाषेत टिकून राहिलं.