प्रति: हर्णैच्या किनाऱ्यावर शूट करायला कॅमेऱ्यावर लावायचा वेगळा मॉनिटर (स्क्रीन) घ्यावा का?

दादा, नक्की घ्या, पण फक्त ५ इंची की ७ इंची एवढंच बघू नका, आधी ब्राइटनेस किती निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आहे ते बघा. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू असतो तेव्हा सूर्य समुद्राच्या बाजूला उतरलेला असतो, ओली वाळू चमकत असते, तिथे ४००-५०० निट्सचा स्वस्त मॉनिटर म्हणजे निव्वळ आरसा, तुमचंच तोंड दिसेल. १००० च्या खाली जाऊच नका आणि वर सनहूड (ऊन अडवणारं झाकण) लावाच.

आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ घ्यायचं ते) स्क्रीन बघून ठरवू नका हो, प्लीज! उन्हात स्क्रीनवर डोळ्यांना सगळंच काळं वाटतं, मग माणूस एक्स्पोजर वाढवत जातो आणि पापलेटच्या चंदेरी अंगावरचं सगळं डिटेल जळून जातं. मॉनिटरवरचा वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) किंवा फॉल्स कलर (उजेडाची पातळी रंगांनी दाखवणारं) लावा, ते कॅमेऱ्याकडून येणारा सिग्नल मोजतात, बाहेर ऊन कितीही असो. मॉनिटर घेण्याचं खरं कारण माझ्या मते हेच, मोठी स्क्रीन नंतर.

तुमच्या कॅमेऱ्याला मायक्रो एचडीएमआय (मॉनिटरची केबल जोडायचं छोटं पोर्ट) असेल तर केबल क्लॅम्प (केबल घट्ट धरून ठेवणारी पकड) हवाच, ते पोर्ट फार नाजूक, गर्दीत कुणाची टोपली अडकली की संपलं. मॉनिटरची बॅटरी बहुतेक एनपी-एफ टाइपची (सोनीच्या धर्तीची, मागे अडकवायची), ब्राइटनेस फुल ठेवला की भराभर उतरते, एक जास्तीची ठेवा.

खाऱ्या वाऱ्याने काचेवर थर बसतो तो कोरड्या फडक्याने घासू नका, मीठ-वाळूने ओरखडे पडतात, आधी ब्लोअर मारा मग गोड्या पाण्यात किंचित ओलं केलेलं मऊ कापड. एचडीएमआयचं टोकही पुसून ठेवा.