रेयुनियन बेटावर गेलेल्या पूर्वजांचा शोध: सल्ला हवा आहे

धागाकर्ता

नमस्कार. माझ्या पत्नीचे माहेर तमिळ किनाऱ्यावरील कारैकल या जुन्या फ्रेंच वसाहतीजवळचे. तिच्या पणजोबांचे थोरले बंधू मुत्तुसामी १८७०च्या दशकात करारबद्ध मजूर म्हणून हिंदी महासागरातील फ्रेंचांच्या रेयुनियन बेटावर गेले आणि तिकडेच स्थायिक झाले, एवढेच घरात सांगितले जाते. जहाज, जन्मसाल, मूळ गाव यांपैकी काहीच ठाऊक नाही. मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत चौकशी करावी, असे एका परिचितांनी सुचवले आहे. सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मॉरिशसचा मार्ग आपल्या उपयोगाचा नाही. कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांसाठी त्या संस्थेचे दफ्तर अमूल्य आहे. परंतु मॉरिशस १८१०पासून इंग्रजांच्या ताब्यात होते, त्यामुळे रेयुनियनच्या मजुरांच्या नोंदी फ्रेंच दफ्तरांतच शोधाव्या लागतील.

जहाजांच्या याद्यांपासून आरंभ करू नये, कारण त्यांत मुत्तुसामी पदोपदी भेटतील आणि आपले कोणते, हे ठरवता येणार नाही. बेटावरील जन्म, विवाह व मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील राष्ट्रीय सागरपार अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. दर दहा वर्षांच्या नामसूच्या आधी चाळाव्यात. विवाहाची नोंद सर्वांत मोलाची, कारण तीत आईवडिलांची नावे असतात, पुष्कळदा जन्मस्थान असते, आणि मजूर असल्यास मळेवाल्याचे नाव व मजुराचा नोंदणी क्रमांकही सापडू शकतो. तो क्रमांक मिळाला की बेटाची राजधानी सँ-दनी येथील जिल्हा अभिलेखागारातल्या मजूर-नोंदवह्यांकडे वळता येते.

नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंग विसरावे. फ्रेंच कारकून ‘उ’साठी ‘ओ’ आणि ‘यू’ ही अक्षरे जोडून लिहीत, आणि बाकीचे कानाला जसे वाटेल तसे. शिवाय एकेरी नावाच्या माणसाचे नावच पुढच्या पिढीचे आडनाव होई, म्हणून मुत्तुसामी हे आडनाव म्हणूनही शोधावे.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. भारताच्या बाजूचे थोडे सांगतो. पाँडिचेरी किंवा कारैकलला जहाजात चढलेला मनुष्य त्याच गावचा असेल, असे नाही. तंजावर जिल्ह्यातील ब्रिटिश प्रजाजनही याच बंदरांतून जात, आणि १८६०च्या इंग्रज-फ्रेंच करारानंतर तर ब्रिटिश मुलखातील भरतीला रीतसर मुभा मिळाली, जी रेयुनियनपुरती १८८२मध्ये थांबवण्यात आली. कारैकलच्या फ्रेंच नोंदवह्याही त्याच संकेतस्थळावर आहेत, पण त्यांत नाव सापडले नाही तर निराश होऊ नये.

करार पाच वर्षांचा असे आणि परतीच्या प्रवासाचा हक्क त्यात नमूद असे. ‘तिकडेच स्थायिक झाले’ ही घरची समजूत बेटावरील मृत्यूच्या नोंदीने पडताळल्याशिवाय खरी धरू नये, असे माझे मत आहे. अलीकडच्या वंशजांपर्यंत मात्र नोंदवह्यांतून पोहोचता येणार नाही, कारण फ्रान्समध्ये जन्म व विवाहाच्या नोंदी ७५ वर्षे सर्वांसाठी खुल्या नसतात. त्यासाठी रेयुनियनमधील ‘सेर्क्ल जेनेआलोजिक द बूर्बाँ’ या वंशावळी मंडळाला पत्र लिहावे, आणि ते फ्रेंचमध्येच लिहून घ्यावे.