मदत हवी आहे: फळ्यावरची भूमिती वाडीवर कशी पोचवायची?

पाटण तालुका, कोयनेचं खोरं. ओढे भरले की दहावीची सात-आठ मुलं अडकतात. बाकीचा वर्ग समोर असतोच. गणित भाग २, ‘समरूपता’ चालू आहे.

गूगल मीटवर फळा दाखवला, पण चित्र अडकतं, आकृतीतली अक्षरं वेगळी ओळखू येत नाहीत. आता फळ्याचा फोटो आणि पाच मिनिटांचा आवाज पाठवतो. पोचतं, पण सिद्धतेत मी कुठल्या कोनाबद्दल बोलतोय ते मुलांना लागत नाही. समोरच्या मुलाचा चेहरा बघून मी थांबतो. इथे तो चेहराच नाही. तयार व्हिडिओ नुसते बघितले जातात, वही कोरीच राहते.

घरटी एक फोन, तोही रात्री सातनंतर. त्यामुळे थेट तास नको.

आकृतीवर पायऱ्यांचे आकडे घालून आवाज जोडायचं कुणी केलंय का? आणि मूल नेमकं कुठल्या पायरीला अडलं, हे वही हातात नसताना कसं ओळखता?