नाशिक जिल्ह्याला स्वतःचं मीडियम वेव्ह (एएम) रेडिओ स्टेशन हवं, फक्त बोलण्यासाठी. पटतंय का?

त्र्यंबकरोडकर:
मला मनापासून वाटतं की आपल्या जिल्ह्याला एक मीडियम वेव्ह स्टेशन पाहिजे, गाणी नकोत, नुसतं बोलणं. नाशिक आकाशवाणी एफएमवर आहे, १०१.४, आणि सपाटीला एफएमसारखं स्वच्छ काही नाही. पण पेठ, सुरगाणा, हरसूल हा सगळा डोंगरी भाग. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की त्याच्यामागं आवाज मरतो. मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांबवर पसरते, म्हणूनच तर आपल्याकडं पुणे ७९२ आणि मुंबईची अस्मिता ५५८ ऐकायची लोकांना सवय होती. वनिता मंडळ ऐकलं, कामगारसभा ऐकली, पण सातपूर-अंबडच्या कामगाराचं आणि लासलगावच्या कांद्याचं रोज बोलणारं मीडियम वेव्ह आपल्याला कधी मिळालंच नाही. १९२७ ला मुंबईत रेडिओ आला, १९५३ ला पुण्यात, आणि आपण कायम दुसऱ्याच्या अंगणातलं ऐकत बसलो.

ओझरकर:
भावना समजली दादा पण खर्चाचं बोला. ७९२ किलोहर्ट्झला पाव तरंगलांबीचा, म्हणजे एका लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाइतका मनोरा धरला तर जवळपास ९५ मीटर उंच, त्याच्याखाली जमिनीत चहूकडं तांब्याच्या तारा पुरायच्या, त्याला मोकळी जागा पाहिजे, वर वीजबिल वेगळं. आणि ऐकणार कशावर? मोबाईलमध्ये मीडियम वेव्ह येत नाही. घरात एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर सगळे खरखर करतात, इलेक्ट्रिक गाड्यांमधून तर काही कंपन्यांनी एएम काढूनच टाकलं कारण मोटरचा गोंगाट आत येतो. शिवाय आपल्याकडं खासगीवाल्याला मीडियम वेव्ह मिळतच नाही, ते फक्त आकाशवाणीकडं. मग हे स्टेशन काढणार कोण?

त्र्यंबकरोडकर:
आकाशवाणीनंच काढावं, माझी मागणीच ती आहे. आणि खरखरीचं म्हणाल तर पाड्यावर किती इन्व्हर्टर आहेत हो? एएमचं एक चॅनल ९ किलोहर्ट्झचं, म्हणजे अरुंद, त्यात गाणं बसकं वाटतं हे मान्य, माणसाचा आवाज मात्र व्यवस्थित कळतो. बोलण्यासाठी तेवढं पुरतं.

निफाडची_बागायतदार:
मला तो मनोरा आणि तारा यातलं काही कळत नाही आणि खरं सांगू, घेणंही नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग फुलोऱ्यात असते आणि नेमका तेव्हाच बेमोसमी पाऊस येतो, ढगाळ वातावरण राहिलं की डावणी रोग सुटतो, मग फवारणी आज की उद्या हे त्याच सकाळी ठरवावं लागतं. व्हॉट्सॅपवर दहा जण दहा औषधं सांगतात, त्यातले निम्मे दुकानदार. मला सकाळी साडेसहाला जाणकार माणूस बोलताना पाहिजे, फोन लावला तर माझ्या बागेचं ऐकून उत्तर देणारा. ते १०१.४ वर द्या नाहीतर अजून कशावर द्या. तुम्ही दोघं लहरींवर भांडताय आणि कार्यक्रम काय असावा त्यावर अजून कोणी बोललंच नाहीये.

मालेगावचा_श्रोता:
ताईंशी सहमत, पण नुसत्या बोलण्याच्या स्टेशनची मला भीतीच वाटते. अमेरिकेत गाणी एफएमवर गेली, एएमवर गप्पा उरल्या, मग १९८७ मध्ये दोन्ही बाजू मांडायचा नियम काढला आणि त्यानंतर तिथं तासन्‌तास एकाच बाजूनं बोलणारे कार्यक्रम बोकाळले. आपल्याकडं तसं झालं तर? निवडणुकीच्या दिवसात मालेगावला असलं स्टेशन मला नको, स्पष्ट सांगतो.

त्र्यंबकरोडकर:
बाजारभाव, पाऊस, दवाखाना, एसटी, यात कुठली बाजू आली?

मालेगावचा_श्रोता:
कांद्याच्या निर्यातबंदीवर कार्यक्रम करून बघा, मग कळेल बाजू कुठून येते.

सुरगाण्याचा_मास्तर:
सगळं वाचलं. ओझरकर म्हणतात मोबाईल, आमच्या कितीतरी पाड्यांवर रेंज नाही, पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस जाते, तेव्हा सेलवरचा रेडिओच चालतो. पण त्र्यंबकरोडकरांचा एक मोठा मनोराही मला पटत नाही, कारण तो उभा राहणार नाशिकजवळ आणि बोलणार नाशिकचीच भाषा. आमच्या म्हाताऱ्या माणसांना कोकणा बोलीत सांगितलं की लगेच समजतं, लसीकरण असो की वनहक्काचा दावा. २००६ पासून संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येतो, ताकद १०० वॅटपर्यंत, चारपाच कोसांच्या आत ऐकू येतो, आणि निम्मे कार्यक्रम तिथंच बनवायची अट असते. सुरगाण्याला एक, पेठला एक, हरसूलला एक. डोंगर आडवा येतो म्हणता ना, मग डोंगराच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक लावा.

ओझरकर:
हे बसतं हिशोबात. महिन्याचा पगार आणि वीज कोण भरणार तेवढं सांगा, कारण १०० वॅटच्या स्टेशनला जाहिराती फारशा मिळत नाहीत.

सुरगाण्याचा_मास्तर:
ग्रामपंचायतींनी मिळून भरावं. येत्या ग्रामसभेत मी मांडणार आहे.