चार वर्षांची फौज: इंदूरच्या मराठी घरातल्या मुलानं अठराव्या वर्षी अग्निवीर व्हावं का?

रामबागकर

अग्निपथ, म्हणजे शिपायांना चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून घेण्याची योजना, जून २०२२ मध्ये आली. लष्कराच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ उजाडता उजाडता सुरू झालं, म्हणजे २०२६ सरता सरता ही मुलं परतायला लागतील. फार तर २५ टक्के कायम होतील, बाकीचे ऐन बाविशी-तेविशीत मोकळे. महूची लष्करी छावणी इतकी जवळ असूनही आपल्या घरांत या विषयावर एकच वाक्य ऐकू येतं: "चार वर्षं फुकट जातात." मला ते अजिबात पटत नाही.

हिशोब बघा. पगार पहिल्या वर्षी ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे मुदतीच्या शेवटी एकरकमी मिळणाऱ्या निधीत, कापले जातात. हातात येतात २१,०००, २३,१००, २५,५५० आणि २८,०००, म्हणजे चार वर्षांत सुमारे ११.७२ लाख. कापलेल्या ५.०२ लाखांत सरकार तेवढीच भर घालतं आणि व्याजासकट शेवटी ११.७१ लाखांच्या आसपास मिळतात, तेही करमुक्त. राहणं, जेवण, गणवेश सरकारी. भंवरकुआँला कोचिंग लावून बसलेल्या मुलासाठी याच चार वर्षांत घरातून पैसा जात असतो, आणि निवड होईलच याची खात्री कुणालाच नसते.

माझं मत: मुलानं जावं. मात्र पदवी सोबत चालू ठेवावी आणि सेवानिधीला घरच्यांनी हात लावू नये. गच्चीवर मजला चढवायला किंवा बहिणीच्या लग्नाला ते पैसे गेले, तर खरोखरच चार वर्षं फुकट गेली.

सुदामानगर

रामबागकर, तुमचे आकडे बरोबर आहेत, तुलना चुकली आहे. अग्निवीराची तुलना कोचिंगमधल्या मुलाशी का करायची? त्याच बराकीत झोपणाऱ्या, तीच रायफल उचलणाऱ्या जुन्या भरतीच्या शिपायाशी करा. त्याला १५ वर्षांवर पेन्शन, शेवटच्या पगाराच्या निम्मी. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतले उपचार, कॅन्टीन आणि माजी सैनिकाचा दर्जा. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला यातलं काहीही नाही. दर्जाच नाही म्हटल्यावर सरकारी बँकांतली क गटाची माजी सैनिकांसाठीची १४.५ टक्के राखीव पदंही त्याच्यासाठी नाहीत. त्याच्या वाट्याला मुख्यतः निमलष्करी दलांतलं आरक्षण आणि वयाची सवलत, म्हणजे पुन्हा वर्दीच.

मला सगळ्यांत जास्त खुपतं ते जखमी मुलाचं. नेहमीच्या शिपायाला सेवेमुळे २० टक्के अपंगत्व आलं तरी आयुष्यभर अपंगत्व पेन्शन मिळते. अग्निवीराला एकरकमी: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५, ५० ला १५. गुडघा गेलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला पुढची चाळीस वर्षं काढायची असतात. पंधरा लाख त्याला किती पुरणार? कर्तव्यावर मृत्यू झाला तर ४८ लाख विमा, ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी, म्हणजे रक्कम मोठी. पण आईच्या नावे दरमहा येणारं कुटुंब निवृत्तिवेतन नाही. लढाईत गेलेल्या नेहमीच्या शिपायाच्या घरी ते शेवटच्या पगाराइतकं येतं. एकरकमी पैशाला चार नातेवाईक वाटेकरी होतात, महिन्याच्या पैशाला होत नाहीत.

महूकर

सुदामानगर ताई, जुनी भरतीही इतकी सोन्यासारखी नव्हती. शिपाई सतरा वर्षांनी घरी येतो, वय पस्तीस ते अडतीस, मुलं सातवी-आठवीत, डोक्यावर घराचं कर्ज. पुनर्वसन महासंचालनालयाचं नागरी नोकरीसाठीचं प्रशिक्षण त्याला शेवटच्या टप्प्यात मिळतं, बरेचदा युनिट सोडत नाही म्हणून तेही हुकतं. मग बारा तास मॉलच्या दारावर उभा राहतो. राखीव जागा कागदावर भरपूर, पण सतरा वर्षांत पुस्तक उघडलेलं नसलं की इंग्रजी आणि गणिताच्या पेपरात गाडी अडते आणि जागा रिकाम्या राहतात.

त्यात नियमांची माहिती नसते. माजी सैनिक आरक्षणाचा लाभ एका नागरी नोकरीत घेतला की पुढं तो संपतो. ऑगस्ट २०१४ च्या आदेशानं एक वाट ठेवली आहे: पहिल्या नोकरीत रुजू होण्याआधीच ज्या इतर पदांसाठी अर्ज केले असतील, त्यांची यादी तारखांसह स्वघोषणेनं नव्या मालकाला तत्काळ दिली, तर त्या पदांपुरता लाभ टिकतो. घाईनं मिळेल त्या चतुर्थ श्रेणीत रुजू झालेले आणि ही घोषणा न दिलेले लोक पुढं क्लार्कची परीक्षा सर्वसाधारण गटातून देतात.

बावीसाव्या वर्षी सुटलेल्या मुलाला नव्यानं शिकायला वेळ असतो. अडतिशीतल्याला नसतो. आणि फौजेचं देणं फक्त पगारात मोजू नका. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या छावणीत लष्करी शाळेत शिकवत होते, १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले ते तिथंच. ज्यांना गावच्या शाळेत दार बंद होतं, त्यांना फौजेनं अक्षर दिलं. त्या घरानं पुढं काय केलं हे मराठी माणसाला सांगायला नको.

सुदामानगर

महूकर दादा, उदाहरण तुमचंच घेते. रामजी निवृत्त झाले तेव्हा त्यांना पेन्शन होती. त्या पेन्शनीच्या आधारावर घर सातारा, मग मुंबई करत पोरांना शिकवत राहिलं. आता नेमकं तेच काढलंय.

पीथमपूर_शिफ्ट

सेवानिधीबद्दल एक गोष्ट राहून गेली. जो मधेच स्वतःहून सोडतो त्याला फक्त स्वतःचा वाटा आणि त्यावरचं व्याज मिळतं, सरकारचा वाटा जातो. जो कायम होतो त्यालाही स्वतःचाच वाटा मिळतो, आणि पुढं किमान पंधरा वर्षं करावी लागतात. म्हणजे ११.७१ लाख हा आकडा फक्त चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याचा. घरी बोलताना हे तिन्ही वेगळे सांगा.

भंवरकुआँ_क्लास

पदवीबद्दल. इग्नूची अग्निवीरांसाठी तीन वर्षांची पदवी आहे, तिचे निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणातूनच मिळतात, बाकीचे निम्मे अभ्यासक्रमातून. दहावीवर गेलेल्याला राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावीची सोय आहे. चांगली सोय आहे, आणि घोटाळा इथंच होतो. सत्र परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात, त्याआधी असाइनमेंट जमा करायच्या असतात. मुलगा बर्फात पोस्टवर असला की पहिली मुदत जाते, मग दुसरी जाते आणि तिसऱ्या वर्षी तो नादच सोडतो. उपाय म्हणजे वर्षाच्या तीस दिवसांच्या रजेतले आठ-दहा दिवस परीक्षेच्या काळात टाकायचे. गणपतीलाच घरी यायचा हट्ट आईवडिलांनी सोडावा.

शिवाय ही पदवी स्पर्धा परीक्षेला पात्र करते, इंजिनिअर करत नाही. बारावीला पीसीएममध्ये ६० टक्के आणि जेईई मेन्सचा निकाल असेल तर अग्निवीरचा विचार आधी करूच नका. टीईएस या लष्कराच्या तांत्रिक प्रवेश योजनेनं थेट अधिकारी होता येतं, आणि तिथल्या बी.टेक.चं एक केंद्र तर आपल्या महूचं एमसीटीई, म्हणजे लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपल्या पालकांना ही वाट माहीतच नसते.

रामबागकर

क्लास, एकदम बरोबर. मीही बारावी कला-वाणिज्यवाल्या, घरची ऐपत बेताची असलेल्या मुलाबद्दलच बोलतोय.

ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी कागदांचं एक, कारण इथल्या मराठी मुलांची हमखास इथंच अडचण होते. एमपी बोर्डाच्या गुणपत्रिकेवर मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत असतं. घरी आधार काढताना मात्र आपण सवयीनं मुलाचं, वडिलांचं, आडनाव असं तिपदरी नाव लिहितो. मैदानात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावून, दहा पुलअप्स काढून आलेला मुलगा कागदांच्या टेबलावर अडकतो. ऑनलाइन अर्जाआधी आधार दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. मूळ निवासी दाखला, चारित्र्य आणि अविवाहित असल्याचा दाखला ताजा हवा.

सुदामानगर

कागद घरचेच नव्हेत, युनिटचेही सांभाळायचे असतात. पडला, पाय मुरगळला, फायरिंगनंतर कानात शिट्टी वाजतेय, लगेच आजारी अहवाल द्यावा आणि इंज्युरी रिपोर्ट बनला का ते विचारावं. या वयातली मुलं "कायम व्हायची संधी जाईल" म्हणून दुखणं लपवतात. चौथ्या वर्षी बाहेर पडताना मेडिकल बोर्डापुढं तक्रार सांगितली की कागदावर आधीची एकही नोंद नसते, आणि सेवेमुळे झालं हे सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर येतं. २५ टक्क्यांची स्पर्धा मुलांना गप्प करते. माझा विरोध मुख्यतः याला आहे, आणि तो तुमच्या ११.७१ लाखांनी मिटत नाही.

महूकर

इथं मी ताईंच्या बाजूनं. मेडिकलच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स सुट्टीवर येताना घरी आणून ठेवायची, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबायचं नाही. पण म्हणून मुलाला पाठवूच नये, हे अजूनही पटत नाही. निमलष्करी दलांच्या भरतीत माजी अग्निवीराला धावण्या-उड्यांची चाचणी माफ आहे, उरतो लेखी पेपर. त्याची तयारी तिसऱ्या वर्षापासून सुरू केली तर बाहेर पडल्याबरोबर पहिल्याच भरतीला बसता येतं.

सुदामानगर

तिसऱ्या वर्षी तो पोस्टवर असेल तर पेपरची तयारी कुठल्या वेळात करायची, तेवढं सांगा.